दाबू नये

पाचवी पट्टीही उजवीकडे कलली होती. सकाळी फक्त तीन होत्या.

फेन्नाने रबराची वडी कँटीनच्या टेबलावर ठेवून पुन्हा पाहिली. तळहाताएवढी, करड्या रंगाची वडी. तिच्या पोटात पातळ उभ्या पट्ट्यांची एक रांग. वडी एकदा दाबली की एक पट्टी डावीकडून उजवीकडे कलते, नखावर नख वाजवल्यासारखा बारीक आवाज होतो आणि पट्टी तशीच राहते. तार नाही, बॅटरी नाही. किती वेळा दाबलं, हे वडी स्वतःच लक्षात ठेवते. ही करामत रबराची नव्हे, पट्ट्यांच्या रचनेची. फेन्नाच्या प्रबंधातलं पाचवं प्रकरण एका वाक्यावर उभं होतं: दाबल्याशिवाय पट्टी हलत नाही.

पट्टी हलत होती.

आधी तिने लायडनच्या आपल्या प्रयोगशाळेतल्या प्रत्येकावर संशय घेतला. रबर दिसलं की माणूस दाबतोच. म्हणून वडीच्या कपाटावर 'दाबू नये' अशी चिठ्ठी होती, आणि ती वाचून पाहुणे हमखास दाबत.

"पुन्हा?" समोर ताक पीत बसलेल्या योरिटने विचारलं. प्रयोगशाळेत दोघांची टेबलं शेजारी होती.

"खरं सांग. तू दाबलंस?"

"फ्रीजमधला तुझा केक खाल्ला, तेव्हा स्वतःहून सांगितलं होतं की नाही? आणि आठवडाभर ती तुझ्या कोटाच्या खिशात आहे. मी काय खिसेकापू आहे?"

ते खरं होतं. कपाटावरचा विश्वास उडाल्यापासून ती वडी खिशात घेऊनच फिरत होती. बैठकीत, जेवताना, दुकानातल्या रांगेत. त्या खिशात दुसरं काही ठेवत नव्हती, किल्ल्यासुद्धा नाही. रोज सकाळी ती तीनच पट्ट्या उजवीकडे ठेवून बाकीच्या डावीकडे लावायची, तरी दिवसाकाठी आणखी दोन-तीन कलायच्याच. झोपताना ती वडी उशाशी ठेवायची. रात्रीतून मात्र एकही हलायची नाही. अंगाची ऊब लागत असेल म्हणून तिने वडी उबेत ठेवून पाहिली. सायकलचे धक्के बसत असतील म्हणून हलवून पाहिली. काही झालं नाही. आता एकच कारण उरलं होतं. जे घडलंच नाही, तेही वडी मोजत होती.

तीन वाजता लोझानहून परीक्षक यायचे होते. "आठवण टिकते ना नक्की?" असं त्यांनी आधीच विचारलं होतं. हे प्रकरण गेलं तर आणखी एक वर्ष लागणार होतं, आणि तिची नोकरी सप्टेंबरपर्यंतच होती.

वडी पुन्हा खिशात घालून, जेवण तसंच टाकून ती मार्गदर्शक बाईंच्या खोलीत गेली.

"मार्ग्रीत, पाचवं प्रकरण काढून टाकावं लागेल."

मार्ग्रीतने चष्म्यावरून पाहिलं. "आधी बस."

"नको."

"कोट तरी काढ. घरात शिरलेल्या पोस्टमनसारखी उभी आहेस."

"नको. आजही दोन पट्ट्या आपोआप कलल्या. रोज कलतात."

"आपोआप? कोणीतरी दाबलं असेल."

"कोणीच नाही. मी कोणाला बोटसुद्धा लावू दिलेलं नाही."

मार्ग्रीत उठली. खाली कालव्यातून एक नाव फटफट करत चालली होती. तिने खिडकी लावून घेतली. खोली एकदम शांत झाली.

"परीक्षकांसमोर असंच सांगशील? कोणीही दाबलेलं नाही म्हणून?"

फेन्नाचा उजवा हात खिशात होता. आठवडाभर तो तिथेच असे.

"हो," ती म्हणाली.

खिशातून नखावर नख वाजवल्यासारखा बारीक आवाज आला.