उष्टी हळद

वीणाने हातमोजे बदलले आणि अनिकाच्या डाव्या गालावर बोट टेकवलं. गाल गरम लागला. जिथे सुई टोचली होती तिथे लालबुंद गाठ आली होती आणि गाठीच्या टोकाला पू दिसत होता.

इन्फेक्शन होतं, यात शंकाच नव्हती. गाल भरीव दिसावेत म्हणून टोचतात त्या फिलरनंतरची साधी सूज दोन-तीन दिवसांत उतरते. ही चढत चालली होती. डॉक्टरांनीही येऊन तेच सांगितलं, पू तपासायला पाठवला, अँटिबायोटिक लिहून दिलं आणि ते पुढच्या पेशंटकडे गेले. खोलीत तिघी उरल्या: एडिसन गावातल्या या क्लिनिकमधली नर्स वीणा, नवरी मुलगी अनिका आणि तिची आई सुहासिनी. बोलत होती ती एकटी सुहासिनी.

वीणा आणि सुहासिनीची ओळख मराठी मंडळाच्या गणपतीत मोदक वळता वळता झालेली. त्या ओळखीच्या भरवशावर मुलीचा चेहरा हिच्या हातात दिला आणि हिने हे करून ठेवलं, असं सुहासिनीचं म्हणणं होतं. लग्न पुढच्या आठवड्यात. आता मुलीला मांडवात काय बुरखा घालून उभी करू, असंही तिने विचारलं.

वीणाला राग आला, पण तिने तो गिळला. फिलर टोचलं त्या संध्याकाळचं सगळं तिला लख्ख आठवत होतं. अनिकाचा चेहरा तिने दोनदा अँटिसेप्टिकने पुसला होता, सीलबंद सिरिंज तिच्या डोळ्यांदेखत उघडली होती. दातांचं काही चालू आहे का, तोंडावर फोड आलाय का, हेही विचारून झालं होतं. आणि निघताना बजावलं होतं की उद्याचा दिवस चेहऱ्याला काही म्हणजे काही लावायचं नाही.

"मग काय लावलंस?" तिने अनिकाला विचारलं.

"नथिंग, मावशी. प्रॉमिस. जिमपण कॅन्सल केलं. दुसऱ्या दिवशी हळद होती, तर हळदीलासुद्धा मेकअप नाही केला."

"कसली हळद?"

हळद लग्नाच्या आदल्या दिवशी असते, म्हणून वीणाने तेव्हा हळदीबद्दल विचारलंच नव्हतं. पण लग्न होतं परदेशात, कॅनकूनला. तिथल्या रिसॉर्टने कळवलं होतं की टॉवेलांना आणि फरशीला पिवळे डाग पडतात, हळद आमच्याकडे नको. म्हणून दोन्हीकडच्या मंडळींनी ती इकडेच, आधी उरकून घेतली होती.

"अगं, हळद म्हणजे काही लावणं नव्हे," सुहासिनी म्हणाली. "हळद अँटिसेप्टिक असते. लहानपणी गुडघा फुटला की आपण काय लावायचो?"

वीणाने कपाळाला हात लावला. हळद कुठली होती, हे तिने विचारलं. अर्थात रीतीप्रमाणे नवऱ्याकडची, उष्टी. सकाळी वेस्ट विंडसरला नवऱ्या मुलाला, राजला, त्याच्या घरी लावली आणि त्यातलीच उरलेली वाटी त्याची बहीण रुही मांडीवर धरून इकडे घेऊन आली. वहिनीवरच्या प्रेमापोटी तिनेच ती दोन्ही गालांना चांगली चोळली.

एकाच्या अंगाला लागलेला लेप दुसरीच्या ताज्या टोचलेल्या गालावर. जंतूंना याहून सोपी वाट कुठली हवी? वाटीत हात कुणाकुणाचे गेले, कुणाला जखम किंवा गळू आहे का, हे विचारायलाच हवं, आणि सुरुवात राजपासून करायला हवी, असं वीणाने सांगितलं.

आता सुहासिनीचा आवाज पार खाली आला. राजकडे फिलरचं कुणालाच माहीत नव्हतं. राजची आई विनीता जिथे तिथे सांगत असे की आमची सून किती साधी, चेहऱ्याला पावडरसुद्धा लावत नाही. आणि राज तर साखरपुड्याच्या जेवणात सगळ्यांसमोर म्हणाला होता की फेक चेहऱ्यांची त्याला चीड येते, असल्या माणसांवर विश्वासच बसत नाही. अनिका तेव्हा हसली होती. क्लिनिकची अपॉइंटमेंट तिने तोवर घेऊन ठेवली होती.

मधमाशी चावली म्हणून सांगू, असं सुहासिनीने सुचवलं. अनिकाने नकारार्थी मान हलवली. तिला प्रचंड भीती वाटत होती; राज तिला मनापासून आवडला होता आणि हे लग्न तिला हवं होतं. तरीही खोटं पुढे रेटायची ताकद तिच्यात उरली नव्हती. तिने फोन लावला आणि फक्त, ये, एवढंच म्हणाली.

राज ऑफिसमधून थेट आला. तोंडावर मास्क होता. दाताचं रूट कॅनाल झालंय असं त्याने सांगितलं होतं, आठवडाभर तो व्हिडिओ कॉलवरही येत नव्हता. त्याने अनिकाचा गाल पाहिला आणि तो दारातच थांबला.

"राज, मी फिलर केलं," अनिका म्हणाली. "तुझ्यापासून लपवलं. तुला असलं आवडत नाही, हे माहीत असून केलं. लग्न नको असेल तर आत्ताच सांग, मी रागावणार नाही."

राजने मान खाली घातली. सुहासिनी जमिनीकडे बघत राहिली. झालं, मोडलं, असं वीणाच्या मनात आलं आणि त्या मुलीसाठी तिला फार वाईट वाटलं.

राजने मास्क खाली ओढला. जबडा दोन्ही बाजूंनी टरारून सुजला होता आणि उजवीकडून पू वाहत होता.

"जॉलाईन, जबड्याला फिलर," तो वीणाला म्हणाला, "एका मित्राच्या बेसमेंटमध्ये करून घेतलं, मावशी, हळदीच्या आधी. पण माझं राहू दे, आधी हिला बरं करा."