पथ्य

"डाळसुद्धा बंद?" मालनने झाकण हातात धरूनच विचारलं.

ताटात मूठभर मऊ भात होता आणि दुधीची फिकी भाजी. दोन महिन्यांच्या बाळंतिणीचं हे जेवण. मालन पहाटेच्या गाडीने दापोलीजवळच्या मुरुडहून सावर्ड्याला लेकीला बघायला आली होती, आणि आल्या आल्या हे दिसलं.

"बाळाला बाधतं," तिची विहीण आनंदीबाई म्हणाल्या. "दूध, मासे, डाळ, सगळंच बंद केलंय. तरी रडतो."

पलंगावर दीपालीच्या मांडीत बाळ रडतच होतं. दीपालीची गालफडं बसली होती. बारशाला आणलेल्या अळिवाच्या लाडवांचा डबा फळीवर तसाच होता. मालनने उघडून पाहिला. एकही लाडू कमी झाला नव्हता.

"आई उपाशी, मग पोर रडेल नाहीतर काय?"

आनंदीबाई बाळाची दुपटी घडी घालू लागल्या. ते मालनला जास्त झोंबलं.

लेकीशी दोन शब्द एकांतात बोलावेत, तर तेही जमेना. दीपाली परसात निघाली की आनंदीबाई मागे. ती न्हाणीत गेली तर ह्या दाराशी उभ्या, आणि दाराची आतली कडीही काढून टाकलेली. तुरुंगात तरी वेगळं काय असतं? मालनने मुंबईला जावयाला फोन लावला. "आईला विचारा, ती सांगेल तसं करा," एवढं बोलून रितेशने फोन ठेवला. मुलगाही आईच्याच मुठीत.

शेवटी तिने आनंदीबाईंसमोरच विचारलं, "दीपाली, तुला पोटभर खायला घालतात का?"

दीपालीने सासूकडे पाहिलं आणि मान किंचित हलवली. "बाधतं गं बाळाला," ती पुटपुटली.

लेक किती धास्तावली आहे ते मालनला कळून चुकलं. तिने बॅग ओढली आणि दीपालीचे कपडे भरायला घेतले.

"तिला नेऊ नका," आनंदीबाई पहिल्यांदाच पुढे आल्या. "गुरुवारी चिपळूणला डॉक्टरांकडे जायचंय."

"दापोलीत काय डॉक्टर नाहीत?"

"मग मीही येते सोबत."

"माझ्या घरात काय शिजतं त्यावर नजर ठेवायला? आजवर तुमचा मान ठेवला, विहीणबाई. आता माझ्या दारात पाय ठेवू नका."

आनंदीबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी सुनेकडे पाहिलं. मालनला ते डोळे खोटे वाटले. रिक्षापर्यंत त्या चालत आल्या, बाळाचं टोपडं नीट केलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "रात्री तिच्याजवळच झोपा."

"माझी पोर आहे ती. कसं सांभाळायचं ते मला शिकवू नका."

वाटभर मालन धुमसत होती. शिकलेल्या मुलीला असं कोंडून ठेवतात आणि वर पथ्याचं नाव सांगतात. गावात चार माणसांपुढे ती हे बोलणारच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती हर्णैला जाऊन ताजी मोरी मासळी घेऊन आली. बाळंतिणीला दूध सुटायला मोरीच्या कालवणासारखं दुसरं काही नाही. दुपारी तिने ताट भरलं. कालवण, तांदळाची भाकरी, तूरडाळीचं वरण, वर अळिवाचा लाडू. बाळ शेजारच्या खोलीत रडून रडून नुकतंच झोपलं होतं.

"खा," ताट पुढ्यात ठेवून मालन म्हणाली. "इथं तुला कोणी अडवणार नाही."

दीपालीने ते हळूच दूर सरकवलं.

"तिकडेही कोणी अडवत नव्हतं, आई," ती म्हणाली. "पथ्याचं निमित्त तुला सांगायला मीच त्यांना लावलं होतं. घासच उतरत नाही गं. जगावंसंच वाटत नाही. तू आता मला एकटी सोडू नकोस."