मेंदी सुकेपर्यंत

कोकिळाने मागच्या पडवीचं दार आतून लावलं आणि गुलबानूसमोर दोन्ही हात पसरले.

"सांग बाय, मी खूश हाय का चढतेय?"

बाहेर मांडव घुमत होता. तासाभरात लेकीला, रुचिताला, हळद लागायची होती. सकाळी धवलारणीने लग्नाचं गाणं उचललं तेव्हा कोकिळाने तिच्याहून मोठा आवाज लावला आणि अख्खा मांडव चिडीचूप झाला. तिच्या नवऱ्याने, अंबाजीने, तिथल्या तिथे ठरवून टाकलं. आता जरा जरी काही दिसलं तर कोकिळा आतल्या खोलीत बसेल आणि लेकीला हळद काकी लावेल. बिचारा वाईट नव्हता, घाबरलेला होता. दिराच्या साखरपुड्यात कोकिळा स्टेजवरून उतरेना, तेव्हा तिला उचलून दवाखान्यात त्यालाच न्यावं लागलं होतं.

घरात विचारायचं तरी कुणाला? ती हसली तरी सगळे बघत, गप्प बसली तरी बघत. म्हणून तिने चौलहून गुलबानूला बोलावून घेतलं होतं. दुखणं दोघींना एकच, बायपोलर: कधी मन नको इतकं चढायचं, कधी पार बुडायचं. अलिबागला महिन्यातून एकदा अशा लोकांची बैठक भरायची, तिथेच दोघींचं गूळपीठ जमलं होतं.

"झोपलीस किती?" गुलबानूने विचारलं.

"तीन तास. पण हितं झोपलंय कोण? रुचिताचा मामा तर आडवाच झाला न्हाय."

"गोळ्या?"

"घेतल्या. तुझी शपथ."

"बाकीचे फार हळू चालतायत असं वाटतं?"

कोकिळा गोंधळली. "वाटतं. पण ते चालतातच हळू! आमच्या काकीला बघितलीस ना?"

गुलबानूला हसू फुटलं. पण पक्कं तिलाही काही सांगता येईना.

तिने पिशवीतून मेंदीचा कोन काढला. "बस हितं. मला असं झालं की मी मेंदी काढते. खुशी असली तर सुकेपर्यंत थांबते. ते दुसरं असलं की थांबत न्हाय. मागच्या ईदला पाच मिनिटांत हात धुवून मोकळी झाले, नि चौथ्या दिवशी दवाखान्यात."

कोकिळा पाटावर बसली. गोळ्यांनी गुलबानूचा हात कापायचा, तरी तिने मनगटापासून वेल काढायला घेतली. बाहेर ताशा कडकडला. कोकिळाचा गुडघा हलायला लागला. नारळ कुठे ठेवलेत म्हणून कुणीतरी ओरडत होतं, आणि ते फक्त तिलाच ठाऊक होतं.

"सांगून येऊ?"

"सुकू दे."

हे उठावंसं वाटतंय ते आजाराचं, की आईचं? लेकीच्या हळदीला कुठली आई अशी पाटावर बसून राहिली असती?

अर्ध्या तासाने दोघींनी हात खिडकीच्या उजेडात धरला. मनगटापाशी वेल फिसकटली होती.

"मी हलले," कोकिळाचे डोळे भरले.

"थांब. तिथं माझाच हात कापला असेल."

दोघींनी पुन्हा पुन्हा निरखून पाहिलं. हललं कोण, काही केल्या कळेना.

"मग आता?"

"थोडी खुशी असेल, थोडं ते असेल. मला न्हाय कळत, कोकिळे. पण दहाच्या ठोक्याला गोळी घ्यायची नि माझ्या बाजूला आडवं व्हायचं, नाच कितीही रंगू दे. सकाळी उठून आधी डॉक्टरला फोन. जमेल?"

"तू नेशील मला दहाला?"

"हाताला धरून."

कोकिळाने दार उघडलं. अंबाजी उंबऱ्यातच उभा होता. बायकोकडे न बघता त्याने गुलबानूला दबक्या आवाजात विचारलं, "ताई, तुम्हाला काय वाटतंय?"

"मला वाटतंय, मी रात्री हितंच राहते," गुलबानू म्हणाली. "हळदीची वाटी कुठाय, भाऊ?"

अंबाजी वाटी घेऊन आला. काकीने हात पुढे केला. त्याने एकवार काकीकडे पाहिलं, एकवार कोकिळाच्या फिसकटलेल्या वेलीकडे, आणि वाटी कोकिळाच्या हातात दिली. स्वतःची बोटं मात्र त्याला वाटीवरून लगेच काढवेनात.