नाव नसलेल्या कादंबरीची शिफारस

वाचकमंडळाच्या मनोरमाबाईंनी पुढचं नाव पुकारलं तेव्हा स्वप्नालीच्या हातात पुस्तक नव्हतं.

पुस्तक घरी राहिलं, असं तिने सांगितलं. नावही आठवत नव्हतं म्हणे. पण गोष्ट सांगता येईल.

मीरा रोडच्या त्या सोसायटीच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा रहस्यकथा वाचणारी माणसं जमत. प्रत्येकाने आवडलेली एक कादंबरी सुचवायची, शेवट फोडायचा नाही. मंडळ सुरू केलं होतं तिच्या वडिलांनी, शशिकांत यांनी. ते गेल्यानंतरची ही पहिलीच बैठक. त्यांच्या जागी मुलगी आलेली बघून सगळ्यांना बरं वाटलं होतं. ती मात्र एकाच माणसाकडे बघत होती.

शिवदासकाका दाराजवळ बसले होते. जवळच्याच मोरवा गावचे, एकेकाळी मिठागरं असलेल्या घरातले, वडिलांचे सगळ्यात जवळचे मित्र. हातातला खाकरा त्यांनी अजून मोडलासुद्धा नव्हता.

वडील गेले त्या संध्याकाळी स्वप्नाली ऑफिसमधून घरी आली, तेव्हा ते आरामखुर्चीत होते आणि फोन मांडीवर पडला होता. दुपारीच गेले असणार, डॉक्टर म्हणाले. वेळेवर कुणाला कळलं असतं तर कदाचित वाचलेही असते. फोनमध्ये शेवटचा कॉल शिवदासकाकांचा होता. दुपारचा, चांगला अर्ध्या तासाचा. आणि शिवदासकाका भेटायला आले तेव्हा म्हणाले, शशीशी बऱ्याच दिवसांत बोलणंच झालं नव्हतं. निघताना चपला घालता घालता त्यांनी विचारलं होतं, त्याचा फोन अजून चालू आहे का.

मरणाऱ्या माणसाशी इतका वेळ बोलून जो कुणालाच हाक मारत नाही, तो कोण असतो? या प्रश्नाने तिला झोप लागत नव्हती. म्हणून ती आज आली होती.

तिने गोष्ट सांगितली. एका थंड हवेच्या गावातले निवृत्त न्यायाधीश. दुपारी घरात एकटे. त्यांना एका मित्राचा फोन येतो. सून घरी येते तेव्हा ते खुर्चीत मेलेले असतात. मित्र पोलिसांना सांगतो, माझं त्यांच्याशी बोलणंच झालं नाही.

मंडळी खुलली. असल्या गोष्टीत कुणालाच गप्प बसवत नाही. कुणी म्हणालं, चहात काहीतरी घातलं असणार. कुणाला मृत्युपत्राचा वास आला. बँकेतल्या जितेंद्रने खाकऱ्याचा तुकडा मोडत निकाल दिला.

"सिंपल आहे. सूनच. रहस्यकथेत जी जास्त रडते ना, तिच्यावर लक्ष ठेवायचं."

सगळे हसले. स्वप्नालीही ओठांनी हसली. शिवदासकाका हसले नाहीत. त्यांनी खाकरा रुमालात गुंडाळून खिशात घातला आणि वरून हात ठेवून बसले. तिला वाटलं, आता उठून जातील. दार तर शेजारीच होतं.

मनोरमाबाई मात्र हसायच्या थांबल्या होत्या. आयुष्यभर असलीच पुस्तकं वाचलेली बाई. त्यांनी चष्मा काढून विचारलं, त्या फोनवर न्यायाधीश काय बोलले, ते पुस्तकात दिलंय का?

"नाही," स्वप्नाली म्हणाली. "ते फक्त त्या मित्रालाच माहीत आहे."

"न्हाय बोलला तो," शिवदासकाका म्हणाले.

सगळ्यांनी वळून दाराकडे बघितलं. एरवी बैठकीत काका जपून, पुस्तकातल्यासारखं बोलायचे. आता त्यांच्या तोंडी घरची बोली आली होती.

त्यांनी मान वर न करता सांगितलं. शशीनेच दिलेली कादंबरी ते वाचत होते. शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं, तेव्हा फोन केला, नेहमीसारखा. शशी म्हणाला, सांग. मग ते सांगत सुटले, खुनी कोण, कसा, कशावरून. पलीकडून एक शब्द नाही.

"आणि तुम्हाला काहीच वाटलं नाही?" स्वप्नालीचा आवाज तिलाच परका वाटला.

उत्तर मनोरमाबाईंनी दिलं, अगदी हळू. तो मंडळाचा नियम होता. शेवटचं प्रकरण वाचायच्या आधी, ज्याने पुस्तक सुचवलं त्याला फोन करून आपला अंदाज सांगायचा. आणि त्याने फोनवर हूं की चूं करायचं नाही. नुसत्या हुंकारावरूनही शेवट कळतो. "नियम तुझ्या बाबांचाच गं. सगळ्यात कडक तेच पाळायचे."

शिवदासकाकांनी पहिल्यांदाच तिच्याकडे बघितलं.

"बाय, त्याचा श्वास मोठा झाला होता. मना वाटलं, मी बरोबर वलखलंय आन् हा हसू दाबतोय. म्हनून आनखी रंगवून सांगितलं. म्हटलं, शशी, आज तुला बोलायलाच लावतो." त्यांनी खिशातला रुमाल काढून मांडीवर ठेवला. "दुसऱ्या दिशी कललं. मंग तुज्यासमोर तोंड उघडेना, फोनात माजा कॉल दिसंल म्हनून भ्यालो. पुस्तकाचा शेवट बी वाचला न्हाय अजून."

जितेंद्र हातातल्या तुकड्याकडे बघत राहिला.

स्वप्नाली उठली. इतके दिवस तिच्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं: रिकामं घर आणि त्यात एकटे बाबा. आता त्या घरात काकांचा आवाजही होता. तिने आपली खुर्ची उचलली, दाराजवळ नेली आणि शिवदासकाकांच्या शेजारी ठेवली.

"त्यांना सांगत होतात ते मला सांगा, काका," ती म्हणाली. "पहिल्यापासून. तसंच रंगवून."