तलावाची तपासणी

डभोई रोडवरच्या सोसायटीमागच्या तलावात किरणोत्सर्ग आहे, तो बुजवून टाका, असा धोशा रेल्वेतून निवृत्त झालेल्या विश्वंभरकाकांनी लावला होता. शेवटी पाणी तपासायला प्रयोगशाळेतली निरुपमा आली. तिने पाण्यावर किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र धरलं, तर ते संथ टिकटिकत राहिलं. काका आकडा बघायला वाकले आणि यंत्र एकदम कोकलायला लागलं.

"जोयुं? बघितलंत? मी सांगत नव्हतो?" काका ओरडले. काठावरची माणसं पोराबाळांना घेऊन घराकडे पळाली.

निरुपमा पलीकडच्या काठावर गेली. काका मागोमाग. तिथेही तेच, देवळाच्या पायऱ्यांवरही तेच. वैतागून तिने काकांना चहा आणायला पाठवलं, तसं यंत्र शांत झालं. काका कप घेऊन परतले आणि पुन्हा बोंब सुरू.

"काका, इतक्यात हॉस्पिटलमध्ये गेला होतात?"

"आज सकाळीच. हृदयाचा स्कॅन होता, शिरेत कसलंसं औषध टोचलं. पण ते राहू दे, आधी तलावाचं बोला!"

 

"तलाव स्वच्छ आहे, काका. किरणोत्सर्गी ते औषध असतं. उद्यापर्यंत घरातल्या लहान मुलांना तेवढं मांडीवर घेऊ नका."