डावी बाजू

"डोकं माझंच घ्या," असं म्हणून सेल्समन बेसिनच्या खुर्चीत मागे रेलला आणि त्यानं मान खाचेत टेकवली. आपल्या महागड्या बाटलीतल्या शाम्पूनं धुतलेले केस कुठले आणि साध्या पुडीतल्या शाम्पूनं धुतलेले कुठले, हे डोळे मिटून ओळखीन, अशी पैज त्यानंच मारली होती. हातच्या काकणाला आरसा कशाला, असा एकूण थाट होता.

मावशींनी त्याच्या खांद्यावर टॉवेल टाकला. अठरा वर्षं त्या या सलूनमध्ये फक्त डोकी धूत आल्या होत्या. कात्री कधी हातात धरली नव्हती, आणि आता या वयात कुणी धरू दिली नसती. गेला तासभर सेल्समन मालकीणबाईंना हेच पटवत होता की हा शाम्पू असला म्हणजे धुणारं माणूस वेगळं लागतच नाही. सगळं काम बाटलीच करते. केस कापणाऱ्या मुलींनी जाता जाता धुतलं तरी गिऱ्हाईक खूश. बाटली महाग आहे खरी, पण एक पगार वाचला की ती फुकटातच पडते. हे सगळं मावशींच्या देखत चाललं होतं, आणि त्यानं एकदाही त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं.

मालकीणबाई मनानं वाईट नव्हत्या. पण समोरच्या कोपऱ्यावर नवं चकचकीत सलून उघडल्यापासून त्यांची झोप उडाली होती. ओळखलंत तर बाटल्या घेते आणि उद्यापासून धुणं मुलींकडे देते, असं त्या म्हणून बसल्या.

मालकीणबाईंनी पडद्याआड दोन वाट्या भरल्या, एक उजव्या बाजूची, एक डावीची. केसांचा मधोमध भांग पडला. सेल्समनच्या डोळ्यांवर नॅपकिनची घडी बसली. नुसत्या वासावरून ओळखलं असं कुणी म्हणायला नको, म्हणून एका मुलीनं त्याच्या नाकाला केसांचा चिमटा लावला. त्यानंतरही तो गेंगाण्या आवाजात बाटलीचे गुण गात राहिला.

कुठल्या वाटीत काय आहे, हे मावशींनाही सांगितलं नव्हतं. पण तळव्यावर घेताच त्यांना कळलं. उजवीकडचा साईसारखा दाट होता, तो बाटलीतला. उजवी बाजू बिघडवणं आता त्यांच्या हातात होतं. फेस पुरता निघाला नाही की सोन्याच्या मोलाचा शाम्पूही चिकट लागतो. पाणी जरा आधी बंद केलं की झालं, ब्रह्मदेवालाही पत्ता लागला नसता. हा विचार मनात आला आणि मावशींना स्वतःचीच लाज वाटली. त्या बिचाऱ्या डोक्यानं त्यांचं काय घोडं मारलं होतं?

त्यांनी पाणी मनगटावर घेऊन पाहिलं. नखं न लावता, बोटांच्या पेरांनी, उजवी बाजू रोजच्यासारखी धुतली. केस चिमटीत करकर वाजेपर्यंत पाणी सोडलं. मग डावी घेतली. कानामागे येताच त्यांची बोटं अडखळली, थांबली आणि सावकाश पुन्हा कामाला लागली. सेल्समनचं गेंगाणं बोलणं अर्ध्या वाक्यात बंद पडलं.

केस वाळले. चिमटा निघाला. सेल्समननं दोन्हीकडून हात फिरवला, पण तो उगाच. त्याचं आधीच ठरलं होतं.

"डावी," तो म्हणाला. "शंकाच नको. डोकं कसं हलकं झालंय. लोक काय वेडे म्हणून आमच्या बाटलीला पैसे मोजतात?"

मालकीणबाईंनी त्याच्या डोळ्यांवरची घडी काढून फाडलेली पुडी त्याच्यापुढे धरली. मुली तोंडाला हात लावून हसल्या. सेल्समन लाल झाला. ही लबाडी आहे, धुणाऱ्या बाईंनी डावीकडे जास्त वेळ लावला, विचारा त्यांना, असं तो तावातावानं म्हणाला.

सगळ्यांनी मावशींकडे पाहिलं. नाही म्हटलं असतं तर खपून गेलं असतं. घड्याळ कुणीच लावलं नव्हतं.

"लावला," मावशी म्हणाल्या. "तुम्ही बॅगेचा पट्टा डाव्या खांद्यावर टाकता ना? मानेपासून कानामागपर्यंत सगळं दगड झालंय. हाताला लागलं, मग सोडवेना."

सेल्समनचा हात आपसूक डाव्या खांद्यावर गेला. मालकीणबाईंनी ती बाटली उचलली, तिच्यावरची बारीक अक्षरं पुढून मागून नीट वाचली आणि ती त्याच्या बॅगेत ठेवून दिली.

"यात कुठं लिहिलेलं दिसत नाही, पट्टा कुठल्या खांद्यावर असतो ते," त्या म्हणाल्या. "हिची जी किंमत सांगितलीत ना, ती उद्यापासून मी यांच्या हातांची लावणार."

मुलींनी टाळ्या वाजवल्या. मावशींचा ऊर भरून आला. अठरा वर्षांत त्यांच्या हातांना कुणी किंमत लावली नव्हती. त्यांनी कोरडाच टॉवेल दोनदा झटकला.

सेल्समन बॅग घेऊन दारापर्यंत गेला. पट्टा डाव्या खांद्यावर टाकला, काढला, उजव्यावर टाकून पाहिला. मग बॅग तिथंच भिंतीला टेकवून तो परत आला आणि मुकाट्यानं बेसिनच्या खुर्चीत बसला. उजवीकडचंही तसंच करून मिळेल का, असं त्यानं हळूच विचारलं. मावशींनी पाणी सोडलं, मनगटावर घेतलं आणि शाम्पू कुठला घेऊ म्हणून विचारलं.

"पुडीतलाच चालेल, मावशी," डोळे मिटून घेत तो म्हणाला.