पुतळ्याची नाडी

पलंग एक. त्यावर रबरी पुतळा एक, छातीपर्यंत चादर. ऑक्सिजनचा सिलिंडर एक, भरलेल्या सिरिंजा सहा, नवे डॉक्टर दोन, सर एक. खुर्ची एकही नाही.

लिफ्ट बंद होती, त्यामुळे सर तीन जिने चढून आले होते. कपाळ पुसत ते पुतळ्याच्या उशाशी टेकले. एक हात कोटाच्या खिशात कसलासा चाळा करत, दुसऱ्यात रिमोट. नाडी दाखवणाऱ्या स्क्रीनचं तोंड डॉक्टरांकडे, पाठ सरांकडे.

"घाईबाई, तू ये. मागच्या खेपेला या बिचाऱ्याला मारलंस. आज पुन्हा मेला, तर वॉर्डात एकटीनं ड्यूटी विसर."

तिचा जोडीदार चष्मिस खुदकन हसला.

सरांनी रिमोट दाबला. "साठीचे काका, चक्कर येऊन पडले. नाडी किती?"

"एकशे अठ्ठावन्न, सर."

"नीट वाच. चाळीस आहे."

तिनं डोळे बारीक केले. "एकशे साठ. ठोके अनियमित."

"अगं, केस मी बनवलीय की तू?" सरांनी पुन्हा बटण दाबलं. "आता?"

"एकशे बासष्ट."

"मलाही तेच दिसतंय, सर," चष्मिस म्हणाला.

"तू तिचा वकील का? जरा पंखा वाढव." सरांनी पुन्हा कपाळ पुसलं. "आणि तू, नाडी वाढवायचं इंजेक्शन दे. चल."

तिनं सिरिंज उचलली. स्क्रीन खरी असेल, तर या औषधानं काका जातील. सर खरे असतील, तर औषध न दिल्यानं जातील. आणि काका तर रबराचे. तिच्या डोक्यात नुसता गुंता झाला.

तिनं सिरिंज खाली ठेवली. "नाही देणार, सर. आधी जोडणी बघते."

"म्हणजे नापास व्हायचंच ठरवलंयस."

तिनं चादर उचलली. "सर, पुतळ्याच्या बोटाला नाडी मोजायचा चिमटाच नाहीये."

"रबराला कुठली आलीय नाडी? रिमोट दाबला की स्क्रीनवर बनावट आकडे येतात."

"पण दाबूनही बदलत नाहीयेत. मग हे कुणाचे?"

सरांनी रिमोट पुन्हा दाबून पाहिला.

तिनं स्क्रीनमागची तार धरली. तार चादरीखालून गेली, पुतळ्याच्या खांद्याजवळून वळली, उशीमागून वर आली आणि सरांच्या कोटाच्या खिशात शिरली, चाळा करता करता त्यांच्याच बोटाला लागलेल्या चिमट्यापर्यंत.

एकशे चौऱ्याहत्तर.